अण्णा भाऊ साठे : व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे?

१८ जुलैचा स्मृतिदिन आणि १ ऑगस्टची जयंती, या दोन तारखांच्या मधले दोन आठवडे आमचे घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असे फिरण्यात जातात. आम्ही वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते, त्यामुळे मंडळे भाषणाला बोलावतात. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्यावरच्या भाषणात एक यादी ठरलेली असते. दीड दिवसाची शाळा. वाटेगाव ते मुंबई पायपीट. कोळसे वेचले, हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, सिनेमाची पोस्टरे चिकटवली, गिरणीत राबले. आणि मग एकदम रशिया. इथे टाळ्या पडतात. आम्हीही ही यादी कितीतरी वेळा म्हटली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

मागच्या वर्षी आमच्याच हातून एक चूक झाली आणि त्या यादीकडे वेगळ्या नजरेने बघणे भाग पडले. कचरा वेचणाऱ्या महिलांच्या आरोग्यावर आम्ही एक छोटी पुस्तिका काढली होती. सहा जणांनी लिहिले. शेवटच्या पानावर लेखकांची ओळख छापली : एक डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त शिक्षक, दोघे आमच्यातले, समाजशास्त्राचे एम. ए. सहावी लेखिका स्वतः कचरा वेचणारी. शाळेच्या वहीत तिने स्वतःच्या हाताने अकरा पाने लिहून दिली होती आणि पुस्तिकेतला सर्वांत कामाचा मजकूर तोच होता. तिच्या नावापुढे आम्ही छापले, वस्तीतील रहिवासी. तिने पुस्तिका चाळली आणि शांतपणे विचारले, वकीलसाहेब कुठे राहतात ते का नाही छापले?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरच्या नावापुढे डॉक्टर लिहिले की वाचकाला कळते, हा माणूस जाणून बोलतो आहे. कष्टकऱ्याच्या नावापुढे त्याचे काम लिहिले तर वाचक हळहळतो, म्हणून आम्ही ते लिहिलेच नाही. अण्णा भाऊंच्या बाबतीत आपण सगळे गेली पन्नासहून अधिक वर्षे हेच करत आलो आहोत. त्यांचे एकेक काम आपण त्यांच्या दुःखाच्या खात्यात जमा करतो, त्यांच्या अधिकाराच्या खात्यात करत नाही. म्हणून त्यांचे आयुष्य या एका बाजूने पुन्हा सांगायचे ठरवले.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. वाळवा तालुका, आजचा सांगली जिल्हा, तेव्हाचा सातारा. आई वालुबाई, वडील भाऊराव. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया मांग समाजावर होती. गावात चोरी झाली की पहिला संशय मांगवाड्यावर, आणि पोलीस पाटलाकडे हजेरी. माणूस जन्माला येतो तोच आरोपी म्हणून, ही गोष्ट अण्णा भाऊंना कोणत्या पुस्तकातून शिकावी लागली नाही. पुढे ‘फकिरा’ लिहिताना हजेरीचा जाच त्यांनी ज्या बारकाईने मांडला, त्यामागे हे घर आहे.

शाळा दीड दिवसात सुटली. मास्तरांच्या वागणुकीमुळे ती सुटली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त थांबत नाही. वडील मुंबईत साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. १९३१-३२च्या सुमारास दुष्काळाने गावात राहणे अशक्य झाले, तेव्हा हे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. अण्णा भाऊ अकरा-बारा वर्षांचे होते. वाटेत मिळेल ते काम करायचे, खायचे आणि पुढे चालायचे.

२०२० साली त्यांची जन्मशताब्दी आली तेव्हा टाळेबंदी होती. कार्यक्रम झाले नाहीत, झाले ते मोबाइलवर. त्याच्या आधी एप्रिल-मे महिन्यांत आम्ही मुलुंड चेकनाक्यावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे वाटत उभे होतो. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे घेऊन माणसे मुंबईतून बाहेर, नाशिकच्या दिशेने चालत निघाली होती. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून स्थलांतरावर पुष्कळ लेख आले. लिहिणारे बहुतेक प्राध्यापक, पत्रकार, अर्थतज्ज्ञ. शताब्दी ज्याची होती तो स्वतः त्याच वाटेने, फक्त उलट्या दिशेने चालत आलेला लेखक होता, हे त्या लेखांत आम्हाला कुठे दिसले नाही.

मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबीच्या चाळीत या कुटुंबाला आसरा मिळाला. इथून ती प्रसिद्ध यादी सुरू होते. ती जरा सावकाश वाचू या.

कापड विकणाऱ्या फेरीवाल्याचे गाठोडे घेऊन मागे मागे फिरणे, हे त्यातले एक काम. बारा-तेरा वर्षांचा पोरगा रोज मैलोन्‌मैल मुंबई पायाखाली घालतो. कोणत्या गल्लीत कोण राहते, कोण रोख देते, कोण उधारी बुडवते, कोणत्या दारात मांगाच्या पोराला पाणी मिळते आणि कोणत्या दारातून हाकलतात, हे त्याला कळत जाते. आम्हाला एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी वस्तीचा नकाशा कसा काढावा हे शिकवायला एक पूर्ण सत्र लागले होते, आणि आम्ही काढलेला नकाशा वस्तीतल्या मुलांनी अर्ध्या तासात दुरुस्त केला, तो भाग वेगळा.

दुसरे काम सिनेमाची पोस्टरे चिकटवण्याचे. अक्षरओळख इथे झाली असे सांगितले जाते, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत. भिंतीवर पोस्टर लावताना अक्षर हातभर मोठे असते आणि ते उलटे लागून चालत नाही, नाहीतर मजुरी कापली जाते. शाळेत दीड दिवस टिकलेल्या मुलाला वाचायला शिकण्याचे असे रोकडे कारण मिळाले. त्यांच्या गोष्टींचा वेग, चटकन डोळ्यासमोर उभी राहणारी माणसे, प्रसंगातून प्रसंगात उडी, यात त्या पोस्टरांचा आणि मूकपटांचा वाटा असावा असे आम्हाला वाटते. हा आमचा अंदाज, पटला तर घ्या.

मग हमाली, कुत्री सांभाळणे, घरकाम आणि शेवटी गिरणी. दादरच्या कोहिनूर मिलमध्ये ते कामाला लागले. गिरणी हे त्या काळच्या मुंबईचे खरे विद्यापीठ. १९३४च्या गिरणी संपाचे ते दिवस. बदली कामगार म्हणजे काय, मुकादमाला चहा-पाणी का द्यावे लागते, आणि अस्पृश्य कामगाराला चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात का घेत नाहीत, हे प्रश्न बाबासाहेबांनीही त्याच वर्षांत ऐरणीवर आणले होते. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, आणि तिथे विटाळ आडवा येई. अण्णा भाऊ या प्रश्नांच्या आत राहत होते. लाल बावट्याच्या सभांना जाणे, पत्रके वाटणे, भिंती रंगवणे इथूनच सुरू झाले.

पुढे नोकरी गेली. गावी परतावे लागले आणि तिथे नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते शिरले. विद्वान मंडळी याला लोककलेची पार्श्वभूमी म्हणतात. तोही एक व्यवसायच होता आणि कडक होता. समोरचा प्रेक्षक कंटाळला की उठून जातो. शब्द सोपा नसला, गोष्ट पुढे सरकली नाही, तर त्या रात्रीचा शिधा सुटत नाही. ही शिस्त विद्यापीठात आमच्या वाट्याला आली असती तर आमचे प्रबंध इतके जाड झाले नसते.

१९४२च्या आंदोलनात वॉरंट निघाले आणि ते पुन्हा मुंबईत आले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे राहिले. स्टालिनग्राडचा पोवाडा, बंगालच्या दुष्काळावरचा पोवाडा, सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा त्याच तमाशाला दिलेले लोकनाट्याचे रूप, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’, हे सगळे वाचकांना पाठ आहे. त्याच काळातली एक गोष्ट मात्र मागे पडते. पक्षाच्या ‘लोकयुद्ध’ साप्ताहिकासाठी अण्णा भाऊ वार्ताहराचे काम करत होते. म्हणजे त्यांच्या सगळ्या कामांत एक काम असेही होते की जे कुठल्याही लेखक-परिचयात बिनदिक्कत छापता येईल. पण जयंतीच्या फ्लेक्सवर वार्ताहर अण्णा भाऊ कधी दिसत नाहीत. कोळसे वेचणारे दिसतात.

अण्णा भाऊंना महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की म्हणण्याची पद्धत आहे. गॉर्कीनेही लहानपणापासून पडेल ते काम केले, कझानच्या विद्यापीठात जायचे स्वप्न घेऊन तो त्या शहरात गेला आणि बेकरीत पाव भाजत बसला. पण पुढे आत्मचरित्राचा तिसरा भाग लिहिला तेव्हा त्याने त्याला ‘माझी विद्यापीठे’ असे नाव दिले. बेकरी, गोदी, मजुरांचे अड्डे हीच ती विद्यापीठे. तो भाग १९२३ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोमध्ये नेल्स अँडरसन नावाच्या तरुणाचे ‘द होबो’ हे पुस्तक आले. होबो म्हणजे मालगाड्यांवरून गावोगाव कामाच्या शोधात भटकणारा मजूर. अँडरसन स्वतः तसा भटकलेला होता. ते पुस्तक समाजशास्त्रातले अभिजात मानले जाते आणि लेखक कधीकाळी स्वतः होबो होता ही त्याची पात्रता म्हणून सांगितली जाते. आम्हाला अँडरसन अभ्यासक्रमात होता. अण्णा भाऊ नव्हते. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते कथाकार म्हणून असतात, आम्हाला शहर, स्थलांतर, झोपडपट्टी शिकताना नसतात.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. वारणेकाठचा भीमा पोट भरायला मुंबईला येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. बायको-मुलीच्या पोटासाठी तो रात्री स्मशानात जाऊन राखेतून आणि प्रेतांवरून सोन्याचा कण शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तुटतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. या कथेतल्या कोल्ह्यांबद्दल समीक्षक पुष्कळ लिहितात. आम्ही ज्या भागात काम करतो तिथल्या डोंगरांत अशा खाणी होत्या, खाणकामगारांच्या वस्त्या होत्या, आणि काम बंद पडल्यावर माणूस कुठवर घसरतो याचा हिशेब या कथेत आहे. खाणीत बोटे लागतात, आणि ती शाबूत असताना काम नसते. हे सुचायला प्रतिभा लागतेच. पण रोजंदारी आज आहे आणि उद्या नाही, याचा पोटात गोळा आणणारा अनुभवही लागतो.

हे सगळे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये राहून लिहिले. वीसेक वर्षे त्यांचा मुक्काम तिथल्या झोपडीत होता. रेल्वेच्या पश्चिमेला चिरागनगर आणि पूर्वेला, हायवेच्या कडेला, आपले रमाबाई आंबेडकर नगर. मधे फक्त पूल आहे, पण मातंग आणि बौद्ध समाजातले अंतर त्या पुलापेक्षा मोठे झाले, हे या संकेतस्थळावर लपवण्याचे कारण नाही. अण्णा भाऊंनी धम्मदीक्षा घेतली नाही, ते कम्युनिस्ट राहिले. तरी २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्‌घाटन त्यांनी केले. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अर्पणपत्रिकेत पुतळा नाही, घटना नाही, नेतृत्वही नाही, लेखणी आहे. लिहिणाऱ्या माणसाने लिहिणाऱ्या माणसाला केलेला तो नमस्कार आहे. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

त्याच १९६१ मध्ये भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघाच्या वतीने ते रशियाला गेले. त्यांची ‘चित्रा’ कादंबरी आणि काही कथा रशियन भाषेत गेल्या होत्या. परत आल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. हे त्यांचे कथा-कादंबरीबाहेरचे सर्वांत गाजलेले पुस्तक, आणि आमच्या मते सर्वांत अवघडही. मराठीत तोवर परदेशप्रवासाची वर्णने लिहिली ती मुख्यतः शिकायला गेलेल्या, अधिकारी म्हणून गेलेल्या किंवा प्राध्यापक असलेल्या लोकांनी. झोपडपट्टीत राहणारा मजूर परदेश बघून येतो आणि लिहितो, हेच नवीन होते. मॉस्को, लेनिनग्राड, बाकू, ताश्कंद बघताना त्यांची नजर संग्रहालयापेक्षा माणसांवर आहे. रस्ता कोण झाडतो, कामावरची बाई कशी वागते, भिकारी दिसतो का, हे ते पाहतात.

आणि तरीही त्या पुस्तकात काहीतरी कमी पडते, हे लिहिले पाहिजे. मुंबईत मुकादमाची लबाडी ओळखणारा हा माणूस रशियात यजमानांनी दाखवलेले बघून भारावतो. तिथल्या छळछावण्या, तिथली भीती त्यात नाही. बाबासाहेबांनी काठमांडूला १९५६च्या नोव्हेंबरमध्ये बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेचा आणि हुकूमशाहीचा प्रश्न थेट विचारला होता. अण्णा भाऊंना तो का पडला नसावा? काही जण म्हणतील, पक्षनिष्ठा. ती होतीच. आम्हाला मात्र दुसरे कारण जास्त पटते. मुंबई त्यांनी काम करून ओळखली, रशिया पाहुणा म्हणून. रशियात त्यांनी कुणाचे गाठोडे वाहिले नाही, कुठल्या गिरणीत बदलीवर उभे राहिले नाहीत. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला जेवढे दिसते तेवढे त्यांना दिसले. वस्तीला भेट देऊन अहवाल लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे नीट वाचावे, कारण आम्ही बहुतेक वेळा त्याच पाहुण्याच्या खुर्चीत असतो.

शेवटची वर्षे वाईट गेली. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ आणि इतर कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, पुस्तकांच्या आवृत्त्या निघाल्या, पैसा मात्र त्यांच्यापर्यंत फारसा पोचला नाही. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिलेला लेखक दारिद्र्य, एकटेपण आणि दारू यांत खचत गेला. इतकी सगळी कामे केलेल्या माणसाला मजुरीसाठी भांडणे माहीत होते, पण लेखनाच्या धंद्यात ना युनियन होती ना हजेरीपत्रक. १९६८ साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये सरकारी घर मिळाले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते.

२००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. चिरागनगरच्या स्मारकाची चर्चा आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो आहोत.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती या महिन्यात निघते आहे. शेवटच्या पानासाठी आम्ही त्या लेखिकेकडे गेलो आणि तिची ओळख तिलाच सांगायला सांगितले. तिने विचार करून सांगितले : एकोणीस वर्षे कचरा वेचणे आणि निवडणे, त्यातली बरीच मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर, ते बंद होईपर्यंत. प्लास्टिकचे प्रकार नुसते चुरगाळून ओळखते. इस्पितळातला कचरा दुरून ओळखते आणि नव्या मुलींना तो ओळखायला शिकवते. आम्ही ते जसेच्या तसे छापायला दिले आहे. डॉक्टर, वकील आणि आमची ओळख प्रत्येकी एका ओळीत बसली, तिची पाच ओळींची झाली, म्हणून छापखान्याला पानाची मांडणी बदलावी लागली.